‘एकविसावं शतक’ नेमकं कुणाचं? एन्डोकार्डायटिसचा एक पेपर वाचताना

हृदयाच्या झडपांना किंवा आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला, की त्याला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. या विषयावरच्या सिनॉप्सिसची सुरुवात बहुधा एका ठरावीक वाक्याने होते: ‘गेल्या काही दशकांत या आजाराचं स्वरूप बदललं आहे, रुग्ण आता वयस्कर असतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा प्रमुख जंतू झाला आहे आणि दवाखान्यातल्या उपचारांतून होणारा संसर्ग वाढला आहे.’ तुम्ही यवतमाळ, वर्धा किंवा नागपुरात बसून हेच वाक्य लिहिणार असाल, तर त्याआधी त्यामागचा पेपर नीट वाचू.

या वाक्याला आधार म्हणून बऱ्याचदा डेव्हिड मर्डॉक आणि सहकाऱ्यांचा पेपर दिला जातो. तो २००९ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. शीर्षकात ‘एकविसाव्या शतकातला’ एन्डोकार्डायटिस असा शब्दप्रयोग आहे. २००० ते २००५ या काळात २५ देशांतल्या ५८ रुग्णालयांतले २,७८१ प्रौढ रुग्ण त्यात आहेत. वयाचा मध्यक ५७.९ वर्षं. ३१.२ टक्के रुग्णांत स्टॅफ ऑरियस. ४८.२ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया झाली आणि १७.७ टक्के रुग्णालयातच दगावले.

आधी चांगलं काय ते सांगते. हा आजार तसा विरळ, त्यामुळे एका रुग्णालयात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. इथे सगळीकडे एकच व्याख्या वापरली आणि माहिती जुन्या केसपेपरमधून न काढता रुग्ण दाखल होत असतानाच गोळा केली. हे काम मोठं आहे, यात वाद नाही. माझा वाद आहे तो शीर्षकाशी, आणि त्याहून जास्त आपण ते शीर्षक कसं वापरतो त्याच्याशी.

पहिला प्रश्न: अभ्यासात कोण येऊ शकलं? यात फक्त ‘डेफिनिट’ रुग्ण घेतले आहेत. ड्यूक निकषांत दोन मुख्य खांब आहेत, ब्लड कल्चर आणि इको. आता झरी जामणीच्या एखाद्या गावातला पंचविशीचा तरुण डोळ्यांसमोर आणा. ताप आला, गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतलं, चार दिवस गोळ्या खाल्ल्या, मग ग्रामीण रुग्णालय, मग यवतमाळचं मेडिकल. तिथे कल्चर घेईपर्यंत अँटिबायोटिकचे दोन-तीन प्रकार पोटात गेलेले. कल्चरमध्ये काहीच वाढत नाही आणि एक खांब पडतो. आता इकोवर दिसलं आणि वर तीन गौण निकष जुळले तरच तो ‘डेफिनिट’, नाही तर ‘पॉसिबल’. पॉसिबल म्हणजे या अभ्यासाच्या बाहेर. आजार तोच असतो, फक्त टेबलमध्ये त्याला जागा मिळत नाही.

दुसरा प्रश्न: रुग्णालयं कोणती? जवळपास निम्म्या रुग्णांची हृदयशस्त्रक्रिया झाली, या एका आकड्यावरूनच ओळखा. ही बहुतेक मोठी रेफरल केंद्रं आहेत. गुंतागुंतीचे रुग्ण तिथे पाठवले जातात, त्यामुळे चित्रही त्यांचंच येतं.

याच्या शेजारी चंदीगडच्या पीजीआयचा १९९२ चा पेपर ठेवा. १९८१ ते १९९१ मधले १८६ रुग्ण, सरासरी वय २५ वर्षं. ४२ टक्के रुग्णांत मूळ आजार ऱ्हुमॅटिक हार्ट डिसीज, म्हणजे लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली झडप. निम्म्याहून जास्त रुग्णांचं कल्चर निगेटिव्ह. दोन पेपर शेजारी ठेवले की ‘बघा, किती बदललं!’ असं लिहावंसं वाटतं. थांबा. इथे काळही बदललाय, देशही बदललाय आणि रुग्ण निवडायची पद्धतही. तिन्ही एकदम बदलल्यावर फरकाचं श्रेय एकट्या काळाला देता येत नाही.

‘बदल’ मोजायचा तर काय लागतं, ते फ्रान्सच्या सर्वेक्षणात बघा. १९९१ मध्ये केलेली पाहणी त्यांनी १९९९ मध्ये पुन्हा केली. या वेळी एकूण १.६ कोटी लोकवस्तीच्या भागांतली सगळी रुग्णालयं घेतली आणि दर दहा लाखांमागे वर्षाला सुमारे ३१ रुग्ण असा दर काढला. त्यांच्याकडे छेद होता, म्हणजे किती लोकांमधून हे रुग्ण आले ते माहीत होतं. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७.७ लाख. पण उमरखेडचा रुग्ण नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूर किंवा नागपूर. एका रुग्णालयाचं रजिस्टर म्हणजे जिल्हा नव्हे. आणि ३१ ला आपल्या लोकसंख्येने गुणून ‘अंदाजे इतके रुग्ण’ असंही लिहू नका. आपली वयोरचना वेगळी, झडपांचे आजार वेगळे.

‘रिस्क फॅक्टर’ या शब्दाचंही तसंच. चंदीगडच्या १८६ पैकी १३३ पुरुष होते. म्हणून पुरुष असणं ही जोखीम? जगभर या आजारात पुरुष जास्त दिसतात हे खरं. पण ऱ्हुमॅटिक झडपांचा आजार बहुतेक ठिकाणी बायकांमध्ये जास्त असतो. मग त्या बायका गेल्या कुठे? त्यांना आजार कमी होतो, की मोठ्या दवाखान्यापर्यंत त्यांना कमी नेलं जातं? फक्त रुग्णांची यादी हातात असेल तर याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तुलनेचा गट हवा. तो नसेल तर ‘रुग्णांत आढळलेल्या बाबी’ एवढंच लिहा.

हे सगळं किस काढणं वाटेल, पण याचा परिणाम थेट तुमच्या प्रोफॉर्मावर होतो. परदेशी पेपरमधून रकाने उचलले, की पेसमेकर, डायलिसिस, नसेतून घेतलेली ड्रग्ज हे सगळं विचारलं जातं. ते विचाराच. पण लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, पेनिसिलिनचं तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू होतं का आणि कधी सुटलं, हे विचारायचं राहून जातं. हे इंजेक्शन एन्डोकार्डायटिस थेट रोखत नाही. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून ते असतं. पण खराब झडप हीच जंतूंना बसायला जागा, म्हणून ते कुठे सुटलं हे कळायलाच हवं. न विचारलेली गोष्ट टेबलमध्ये येत नाही, टेबलमध्ये नसलेली गोष्ट धोरणात येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये दाताच्या उपचाराआधी अँटिबायोटिक द्यायची यादी आखडली, त्यात नुसता ऱ्हुमॅटिक झडपेचा आजार बसत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र आपल्या आदिवासी रुग्णांसाठी तो यादीत ठेवला, कारण त्यांचे रुग्ण कोण आहेत हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा प्रोफॉर्मात किमान तीन रकाने वाढवा: कल्चरआधी कोणतं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं; पेनिसिलिनचं इंजेक्शन कधी सुटलं आणि का; रुग्ण कोणत्या तालुक्यातून, किती दवाखाने फिरून आला. ‘पॉसिबल’ रुग्ण वगळू नका, वेगळ्या रांगेत दाखवा. आणि प्रस्तावनेत ‘स्वरूप बदललं आहे’ असं लिहिताना पुढे ‘कुठे’ आणि ‘कुणाचं’ हेही लिहा. गाईडने विचारलं तर उत्तर तयार असेल, आणि झरी जामणीचा तो तरुण निदान तुमच्या टेबलमध्ये तरी असेल.