पांडुरंग सांगवीकर परत येतो तेव्हा

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. त्या वेळी लेखकाचे वय पंचवीस, आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, लेखकाला ज्ञानपीठाचा मान मिळाला, तरी पांडुरंगाचे वय काही वाढले नाही. वाढले ते वाचकाचे. मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती पुण्याच्या एका वसतिगृहात, दुसऱ्याकडून मागून आणलेल्या प्रतीत, आणि एका रात्रीत. त्या रात्री मी पांडुरंगाच्या बाजूचा होतो. यंदाच्या पावसाळ्यात धुळ्याच्या घरी ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा माझा मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला होता. पुण्यातली नोकरी सुटून तो दोन महिन्यांपूर्वी घरी आला होता. पुस्तक तेच होते, पण या खेपेस माझी जागा बदलली होती, आणि ती कोठे आहे हे ठरवायला मला पुष्कळ पाने लागली.

ज्यांच्या घरी हा अंक जाईल त्यांतल्या काहींनी ‘कोसला’ वाचली नसेल, म्हणून कथानक दोन शब्दांत सांगतो. खानदेशातल्या एका खेड्यातला, खात्यापित्या घरचा मुलगा शिकायला पुण्याला जातो. तेथे वसतिगृहात राहतो, मित्र जोडतो, उसाभरीची कामे अंगावर घेतो, खाणावळीच्या कारभारात फसतो, अभ्यासातून हळूहळू मन काढून घेतो. मधल्या काळात गावी त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. शेवटी पुण्याची वर्षे संपवून हात हलवत तो गावी परततो, आणि करायला काहीच नसलेल्या गावच्या पोरांत बसू लागतो. एवढेच. यात खलनायक नाही, प्रेमकथा म्हणावी अशी प्रेमकथा नाही, आणि शेवटी काही मिळतही नाही. पुस्तक अर्पण केले आहे तेही शंभरांतल्या एका असामान्याला नव्हे, उरलेल्या नव्व्याण्णवांना.

असे असताना समीक्षकांनी पांडुरंगाला एकट्याला बाजूला काढून त्याच्या कपाळी मोठमोठे शब्द चिकटवले. परात्मता आली, अस्तित्ववाद आला, सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी तुलना आली. तुलना अगदीच निराधार आहे असे नाही. दोन्हीकडे बोलणारा मुलगा स्वतःच आपली हकीकत सांगतो, दोन्हीकडे शिक्षणसंस्थेचा कंटाळा आहे, दोन्हीकडे भावंडाचा मृत्यू आहे. पण सॅलिंजरचा होल्डन शाळेतून निघून न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन दिवस भटकतो. पांडुरंग पुण्यात वर्षानुवर्षे राहतो, दर सुटीत घरी येतो आणि सुटी संपली की पुन्हा जातो. होल्डनचे भटकणे हे पळणे आहे. पांडुरंगाचे जाणे-येणे हे खानदेशातल्या हजारो घरांचे जाणे-येणे आहे, आणि ते पळणे नव्हे. त्याच्या पाठीमागे एक घर आहे, शेत आहे, आणि खर्चाचा हिशेब मागणारे वडील आहेत. हा माणूस तुटलेला नाही. दोन्ही टोकांना घट्ट बांधलेला आहे, आणि त्यामुळेच त्याची ओढाताण होते.

या जाण्या-येण्याचा नकाशा बाहेरच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. नेमाड्यांचे गाव सांगवी हे यावल तालुक्यातले, तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला. तिकडच्या मुलाने पुण्याला जायचे म्हणजे आधी भुसावळ किंवा जळगाव गाठायचे, मग मोठ्या लाइनीवरून मनमाडला उतरून दौंडची गाडी धरायची. आम्हा धुळेकरांची तऱ्हा आणखी निराळी: आधी फाट्यावरच्या छोट्या गाडीने चाळीसगाव, आणि खरा प्रवास तेथून पुढे. जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय ‘कोसला’तल्या काळापूर्वीच निघालेली होती, म्हणजे शिकण्यासाठी पुण्यालाच गेले पाहिजे अशी सक्ती नव्हती. तरीही ऐपत असलेला बाप मुलाला पुण्याला धाडी. यात शिक्षणापेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा होता असे मला वाटते. मुलगा पुण्याला आहे, हे वाक्य बापाला गावात उच्चारता येई. मुलगा पुण्याला काय करतो, हा प्रश्न पुढचा.

पांडुरंग पुण्याला काय करतो? या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की तो मैत्री करतो. सुरेश बापट हा त्याचा मित्र, आणि या दोघांची संभाषणे हा पुस्तकातला सर्वांत तल्लख भाग. दोघे मिळून असा खेळ खेळतात की आपण पुढच्या शतकांतले इतिहाससंशोधक आहोत, आणि आजच्या काळाचे अवशेष उकरून त्यांवर गंभीर अनुमाने काढीत आहोत. वाचताना हसू येते. धुळेकराला जरा जास्तच येते, कारण इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ च्या अखेरीस आमच्याच गावी पडला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर आजही सांभाळून आहे. ज्या कागदांना आमच्या वाडवडिलांनी हात जोडले, त्यांच्याच भाषेची ही पोरे नक्कल करतात! पण ही नक्कल नुसती टवाळी नाही. ज्यांना आपल्या पुढच्या पाच वर्षांत काय व्हायचे ते कळत नाही, ते पुढच्या पाचशे वर्षांची भाषा बोलतात. भविष्य एवढे दूर नेऊन ठेवले की त्याची भीती वाटत नाही. ही युक्ती एकट्याला जमत नाही. दुसरा कोणी तितक्याच गंभीर चेहऱ्याने समोर बसलेला असावा लागतो. मैत्रीचे याहून अचूक चित्र मराठी कादंबरीत मला फारसे आढळलेले नाही.

पांडुरंगाच्या भाषेविषयी इतके लिहिले गेले आहे की भर घालायचा धीर होत नाही. तरी एक गोष्ट नोंदवतो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे त्याचे लाडके शब्द. तरुण पिढीने ते उचलले आणि काही वर्षे वसतिगृहे त्यांनी दुमदुमली. पण ‘उदाहरणार्थ’ हा मुळात उत्तरपत्रिकेतला शब्द आहे. आधी सिद्धान्त, मग उदाहरण, असा त्याचा क्रम. पांडुरंग तो अशा जागी टाकतो की मागे सिद्धान्तच नसतो. परीक्षेची भाषा त्याला आली, परीक्षेतली श्रद्धा आली नाही. आणि ‘वगैरे’ येतो तो बहुधा जेथे पुढचे बोलणे जड जाणार तेथे. हीच जळगावकडची माती १९५२ साली बहिणाबाईंची गाणी घेऊन मराठीत आली होती, आणि तिने तेव्हा आपली बोली जशीच्या तशी आणली. अकरा वर्षांनी त्याच मातीतला हा मुलगा आला तो ना घरची बोली घेऊन, ना पुण्याची. त्याने एक मधलीच भाषा केली. घरी चालणार नाही आणि सदाशिव पेठेतही चालणार नाही, अशी ही भाषा फक्त मित्रांत चालते.

मात्र ही भाषा एका ठिकाणी हात टेकते, आणि माझ्या मते तेथेच कादंबरीचे काळीज आहे. मनी जाते. देवीचा रोग म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. आपल्या देशात त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली झाला, आणि त्याआधी खेड्यातले असे घर विरळा की ज्याने त्या रोगाला काही दिले नाही. मनीच्या मृत्यूने पांडुरंगाची चेष्टा थांबते, आणि तो जो संतापतो, रडतो, दोष देत सुटतो, तो मजकूर इतक्या वर्षांनीही सलग वाचवत नाही. अजिंठ्याचे प्रकरण या दुःखाशेजारी ठेवून वाचावे. जळगावच्या माणसाला अजिंठा ही सहलीची जागा. साठ किलोमीटरांचा रस्ता, फर्दापूरला चहा, मग लेण्या. शाळेच्या सहली तेथेच जातात, पाहुणे आले की त्यांनाही तेथेच नेतात. मीही किती वेळा गेलो असेन. नेमाड्यांनी या सवयीच्या जागेला दुःखाच्या समोर उभे केले. ज्या राजपुत्राला आजार आणि मरण पाहून घरात राहवेना, त्याच्या मूर्तींपुढे आजाराने बहीण गमावलेला हा विद्यार्थी येतो. तेथे त्याला सांत्वन मिळते असे मी म्हणणार नाही. त्याला सोबत मिळते, एवढेच म्हणतो. आणि भूगोलाची एक गोष्ट लेखकाच्या मनात होती की नव्हती ते असो, मला ती विसरता येत नाही: लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखी वळण घेणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. लेण्यांखालचे पाणी शेवटी घराकडेच जाते.

म्हणून पांडुरंगाच्या परतण्याला पराभव म्हणणे मला आता पटत नाही. पराभवासाठी आधी लढाई मान्य करावी लागते. त्याने ती मान्य केली नाही, हाच तर त्याच्यावरचा आक्षेप. साने गुरुजींनी अमळनेरला ज्या पिढीला शिकवले तिच्या कपाटात ‘श्यामची आई’ होती. तिच्यातला श्यामही शिक्षणासाठी घरापासून दूर जातो, हालअपेष्टा काढतो, पण आपण कशासाठी गेलो हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. श्यामला आईचे ऋण दिसते आणि पांडुरंगाला बापाचा हिशेब दिसतो. एका पिढीत एवढा फरक का पडला? स्वातंत्र्य मिळाले, महाविद्यालये निघाली, मुलांना घरून पैसे येऊ लागले आणि त्यांच्यासमोरचा हेतू मात्र कोणी स्पष्ट सांगितला नाही. हे मी एका बाजूनेच सांगतो आहे याची मला जाणीव आहे.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. वसतिगृहातल्या मधल्या काही भागांत लेखक मित्रांच्या नावांची आणि लहरींची इतकी दाटी करतो की वाचक खाणावळीच्या रांगेत उभा असल्यासारखा कंटाळतो. मनी सोडली तर बायका या पुस्तकात ओझरत्या येतात. आई, बहिणी, पुण्यातल्या मुली यांना पांडुरंगाने दिलेले शब्द मोजकेच आहेत, आणि येथे मर्यादा निवेदकाची की लेखकाची असा प्रश्न मला दुसऱ्या वाचनात वारंवार पडला. पण सर्वांत मोठी पोकळी वडिलांची. ते कठोर आहेत, पैशाला चिकट आहेत, गावात त्यांचा दरारा आहे, हे सगळे मुलाच्या तोंडून कळते. त्यांनी मुलगी गमावली, हे मात्र जवळजवळ कळतच नाही. पहिल्या वाचनात मला याचे काही वाटले नव्हते.

नेमाड्यांनी स्वतः पुढे हा धागा सोडला नाही. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केले, आणि ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या ज्या कादंबऱ्या १९७५ ते १९७९ या काळात आल्या त्यांतला चांगदेव पाटील हाही असाच गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरणारा प्राध्यापक. बिढार म्हणजे तात्पुरता मुक्काम, पाठीवरचा संसार. पांडुरंग घरी परतला, चांगदेवाला परतायला घर उरले नाही. त्याचे मित्र मुंबईत, नोकऱ्या कच्च्या, पेटी कायम बांधलेली. वाङ्मयदृष्ट्या ही चार पुस्तके ‘कोसला’इतकी एकजीव नाहीत. तथापि नोकरी, मैत्री आणि भटकणे या तिन्हींचा मेळ घालताना माणसाची कशी दमछाक होते, हे त्यांत अधिक सविस्तर आले आहे. आजच्या मुलाला कदाचित तीच जवळची वाटतील.

माझ्या मुलाला काय जवळचे वाटते हे मला ठाऊक नाही. ‘कोसला’ची माझी प्रत मी जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली होती, काहीशी मुद्दामच. दोन दिवसांनी ती जागेवरून नाहीशी झाली. त्यानंतरच्या शनिवारी पुण्याचे त्याचे दोघे मित्र पहाटेच्या गाडीने आले, घरात भाकरी आणि शेवभाजीवर ताव मारला, आणि तिघेही अजिंठ्याला जातो म्हणून निघाले. पैसे पाहिजेत का असे मी विचारले. ‘आहेत, बाबा,’ तो म्हणाला. ते कोठून आले आणि किती दिवस पुरतील, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पांडुरंगाच्या वडिलांनी तो नक्कीच विचारला असता. प्रत अजून त्याच्याकडेच आहे, म्हणून वर पानांचे आकडे देता आले नाहीत.