एफ/६४ चे अर्धेच गणित

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात काही छायाचित्रकारांनी मिळून एक प्रदर्शन भरवले. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम ही त्यांतली मोठी नावे. गटाचे नाव ‘एफ/६४’. धूसर, रंगचित्राची नक्कल करणारी छायाचित्रे नकोत. जवळचे-दूरचे सारे लख्ख दिसावे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याविषयी लिहिणारे हा आकडा एखाद्या ब्रीदासारखा सांगतात. पण कॅमेरा केवढा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

एफ-आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. वेस्टनची आवडती फिल्म ८ × १० इंचांची. तिला ३०० मिमीचे भिंग लावले, तर एफ/६४ ला छिद्र उरते ४.७ मिमी. आता मोबाइलमधला संवेदक घ्या. त्याचा कर्ण १० मिमी धरू. फिल्मच्या कर्णाच्या हा सुमारे एकतिसावा भाग. तेच दृश्य तेवढ्याच अंतरावरून टिपायला भिंग लागेल साधारण ९.६ मिमीचे. छिद्र ४.७ मिमीच ठेवा. आकडा येतो एफ/२! दोन्ही छायाचित्रे सारख्याच आकारात छापली, तर स्पष्टतेची खोली जवळपास सारखीच.

म्हणून ‘संवेदक लहान तर खोली जास्त’ हा पुस्तकी नियम मला खटकतो. दृश्य आणि एफ-आकडा दोन्ही तेच ठेवले, तरच तो खरा. उलट भिंग, अंतर आणि आकडा कायम ठेवून फिल्मचा फक्त मधला तुकडा कापून घेतला, तर तेवढ्याच आकाराच्या छापासाठी तो अधिक मोठा करावा लागतो. धूसरपणाही त्याबरोबर वाढतो आणि खोली कमी होते! मुलांनी नेमका हाच प्रयोग केला, तर शिक्षकांनी काय सांगायचे?

विवर्तनही ध्यानात घ्यायला हवे. एफ/६४ ला बिंदूची प्रतिमा सुमारे ०.०९ मिमीची चकती होते. वेस्टन फिल्म थेट कागदाला भिडवून छापत असे, त्यामुळे ती डोळ्यांना जाणवत नाही. ३५ मिमी फिल्मवर हाच आकडा वापरून छाप सातपट वाढवला, तर चकती ०.६ मिमीची, आणि चित्र मऊ पडते. या गटाचा ‘लख्खपणा’ मोठ्या फिल्मच्या आधाराने उभा होता.

वेस्टनची १९३० ची ढोबळी मिरची, ‘पेपर नं. ३०’, पाहावी. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली ती मिरची एखाद्या पिळदार पाठीसारखी दिसते. इतक्या जवळून मोठ्या फिल्मवर सगळे वळसे स्पष्ट यायचे, तर छिद्र फार बारीक करावे लागते आणि प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागतो. मिरची हलत नाही, हे बरेच! समीक्षक तिथे केवळ दृष्टीची शुद्धता पाहतात. मला त्यात मोठ्या फिल्मशी घातलेली झटापटही दिसते, आणि त्यामुळे चित्र जास्तच आवडते.

वर्गात हे दाखवायला कॅमेराही नको. लांबचे नीट न दिसणाऱ्या मुलाला चष्मा काढून, कागदाला टाचणीने पाडलेल्या भोकातून फळ्याकडे पाहायला सांगा. डोळा तोच, पडदा तोच, बदलले ते फक्त छिद्र.