उत्तर द्यायची घाई

सायखेड्याच्या मुलाला थंडीतल्या पहाटे द्राक्षबागांत पेटलेल्या शेकोट्या दिसतात. नाशिक जिल्ह्यातल्या या निफाड तालुक्यात पारा उतरला की भरत आलेले मणी तडकतात. म्हणून बागाईतदार धूर करतात, अंधारातच ठिबक सोडतात. एवढ्या गारठ्यात पाणी दिल्यानं बागेला ऊब कशी मिळते? विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, हे मुलानं हात बुडवून स्वतःच शोधावं, अशी ही गोष्ट आहे. ती मराठीत मला अजून वाचायला मिळालेली नाही.

मुलांसाठी लिहिण्याची मराठी परंपरा तोकडी आहे असं मुळीच नाही. 'आनंद' मासिक १९०६ साली निघालं, 'सृष्टिज्ञान' १९२८ साली, बालभारतीचं 'किशोर' १९७१ साली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान हाती दिलं. 'किशोर'चे जुने अंक आज मोबाइलवर फुकट वाचता येतात.

अडचण गोष्टींच्या घडणीत आहे. आपल्या विज्ञानकथेत एक सर्वज्ञ काका किंवा आजोबा हटकून असतात. मूल "असं का हो?" म्हणायचा अवकाश, की पुढची दोन पानं पाठ्यपुस्तक सुरू. प्रश्नाला मुरायला वेळच मिळत नाही. निसर्गकथेची तऱ्हा वेगळी, पण घाई तीच: झाड रडतं, माणूस दुष्ट ठरतो, शेवटी वर्ग शपथ घेतो. मुलाला झाडाचं पान उलटून पाहायला कुणी सांगत नाही.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं म्हणून मला मोलाची वाटतात. विज्ञान हा त्यांचा विषय नव्हे. पण शब्द आणि चित्र दोन्ही त्यांचीच असल्यानं जे चित्रात दिसतं ते त्या पुन्हा सांगत बसत नाहीत. मुलाच्या नजरेवर इतका भरवसा विज्ञानकथेनं क्वचितच टाकलाय. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे तो भरवसा होता. सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आधी प्रश्न, मग सही! २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जिल्ह्यातल्या बाललेखनानं त्यांच्याकडून निदान एवढं तरी उचलायला हवं होतं.

कारण सामग्री दाराशी आहे. सायखेड्याहून गोदावरी खाली नांदूरमध्यमेश्वरला जाते, तिथं कादवा मिळते. ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं झाली, पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथला चमचा पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. गढूळ पाण्यात त्याला भक्ष्य दिसायची गरज नसते. चोचीला काही लागलं की ती मिटते. हे न सांगता, डोळे बांधून घमेल्यातल्या पाण्यात खडे शोधणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट लिहिता येईल.

त्याहून अवघड गोष्ट गाळाचीच. ज्या गाळानं पक्षी आणले, त्याच गाळामुळे पुराचं पाणी मागे फुगतं, असं नदीकाठची माणसं सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं होतं. या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. गाळ काढावा की राहू द्यावा, यावर गावातली मोठी माणसं अजून वाद घालतात. लेखकानं तो वाद मुलांना पुरता ऐकू द्यावा, मधेच निकाल देऊ नये.