‘बास्केट केस’ : कबुली, घाट आणि श्रोता

लोकप्रिय गीतासमोर आपली समीक्षा बहुधा दोनच मार्ग पत्करते. एक तर ते समाजशास्त्रीय पुरावा मानून संहितेकडे पाठ फिरवायची. किंवा शब्द कागदावर उतरवून, त्यांना कवितेचे निकष लावून, त्यांचे दारिद्र्य सिद्ध करायचे. ग्रीन डे या कॅलिफोर्नियातील त्रयीच्या ‘डूकी’ (१९९४) या संग्रहातील ‘बास्केट केस’ हे गीत या दोन्ही मार्गांनी हाती लागत नाही.

बिली जो आर्मस्ट्राँग यांनी भीतीच्या झटक्यांच्या स्वानुभवातून ते लिहिले. हा चरित्रात्मक तपशील खरा असला तरी गीताचे आकलन त्यावर थांबत नाही. आरंभी निवेदक थेट श्रोत्याला प्रश्न करतो आणि आपल्या कहाणीला स्वतःच रडगाणे ठरवून मोकळा होतो. म्हणजे श्रोत्याने द्यावयाचा निर्णय त्याने आधीच देऊन टाकलेला असतो. पुढे तो मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, मग वेश्येकडे. एकाच्या मते दुखणे कामजीवनाच्या अभावातून उद्भवलेले. दुसऱ्याला ते ऐकणेच कंटाळवाणे वाटते. वेश्येसाठी योजलेले सर्वनाम पुल्लिंगी आहे. त्याचे कोणतेही स्पष्टीकरण दिले जात नाही, आणि म्हणूनच ते परिणामकारक ठरते. शास्त्र आणि बाजार, ऐकून घेण्याचे मोल घेणाऱ्या दोन्ही संस्था येथे निकामी ठरतात. उरतो तो श्रोता, आणि त्यानेही ध्वनिमुद्रिकेचे पैसे मोजलेलेच आहेत! शीर्षकाचा शब्दप्रयोग मात्र संहितेत एकदाही येत नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांविषयीच्या वदंतेतून रूढ झालेले हे विशेषण निवेदकाला बाहेरून चिकटवलेले आहे.

‘ऑन पॉप्युलर म्युझिक’ (१९४१) या निबंधात आडोर्नो यांनी प्रमाणीकरणाचा जो आरोप केला, तो येथे वरकरणी पूर्णपणे लागू पडतो. स्वरसंहतींचा क्रम पाखेलबेलच्या ‘कॅनन’शी नाते सांगणारा, शतकानुशतके कानांवरून गेलेला, लांबी जेमतेम तीन मिनिटे. परंतु पूर्वनिश्चित साचा आशयाचे काय करतो, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. प्रारंभी केवळ आवाज आणि तळहाताने दाबलेल्या तारांची गिटार ऐकू येते. ड्रम व बेस पहिले ध्रुवपद चालू असताना सामील होतात. निवेदक आपण कोलमडत असल्याचे सांगतो नेमक्या त्याच टप्प्यावर संगीत अधिकाधिक सुसंघटित होत जाते. साचा इतका ओळखीचा नसता तर ही विसंगती जाणवलीच नसती. प्रमाणीकरण येथे आशयाचा प्रतिपक्ष म्हणून उभे राहते. आडोर्नोंच्या चौकटीत या शक्यतेला जागा नाही.

बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक-केंद्राने मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केल्याबद्दल या गटाला दार बंद केले होते. त्या वादातील ‘विकले जाणे’ ही संज्ञा नैतिक आहे, वाङ्मयीन नव्हे. तिने गीताचे मूल्य ठरवणे म्हणजे कराराच्या कागदालाच संहिता समजणे होय.

मार्क कोर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅग्न्यूज या संस्थेत कृष्णधवल चित्रित करून नंतर भडक रंगवलेली ती दृश्ये मनोरुग्णालय प्रत्यक्ष समोर आणतात. निवेदक खरोखर आजारी आहे की केवळ नशेत, हा ध्रुवपदाने राखलेला संशय तेथे पहिल्याच चौकटीत संपुष्टात येतो.