अनुक्त शीर्षक : रॉक-गीतांच्या नामकरणाचा विचार

१

गीताचे शीर्षक हा गीताचा अवयव आहे की गीतावर बाहेरून लावलेली खूण आहे, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला सहसा पडत नाही. मराठी गीतपरंपरेत तो उद्भवण्यास फारसा वावच नाही. अभंग त्याच्या पहिल्या चरणाने ओळखला जातो, ख्यालाची चीज तिच्या मुखड्याने ओळखली जाते, आणि भावगीताचा वा चित्रपटगीताचा उल्लेखही आरंभीच्या शब्दांनीच होतो. इंग्रजी लोकप्रिय गीताला मात्र स्वतंत्र नाव देण्याची रूढी आहे. हे नाव बहुधा धृपदातून घेतलेले असते. रॉक-संगीताच्या अभिजात कालखंडात, म्हणजे स्थूलमानाने १९६५ ते १९७५ या दशकात, या रूढीला छेद देणारी अनेक गीते निर्माण झाली. त्यांचे शीर्षक गीताच्या शब्दांत कोठेही उच्चारले जात नाही. अशा गीतांना येथे ‘अनुक्तशीर्षक गीते’ असे म्हटले आहे.

या गीतांविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार असे नामकरण हा कलावंताचा निव्वळ लहरीपणा होय. दुसऱ्या मतानुसार न उच्चारलेल्या नावातच गीताचे रहस्य साठवलेले असते. ही दोन्ही मते सर्व अनुक्तशीर्षक गीतांना एकाच मापाने मोजतात, आणि तेथेच त्यांची चूक होते. नाव गीतात नाही, एवढ्यावरून ते निरर्थकही ठरत नाही आणि गूढार्थकही ठरत नाही. ते कोणाचे वचन आहे आणि ते काढून घेतल्यास गीताचा अर्थ उणावतो काय, हे दोन प्रश्न प्रत्येक गीतापुरते स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत.

२

प्रथम या घटनेच्या कारणांचा विचार करू पाहता दोन गोष्टी पुढे येतात. एक गीताच्या रचनेशी संबंधित आहे, दुसरी त्याच्या प्रसाराच्या साधनाशी.

धृपदावरून नाव द्यावयाचे तर मुळात गीतास धृपद असावे लागते. बीटल्सच्या ‘शी लव्ह्ज यू’ (१९६३) या गीतात धृपद आणि शीर्षक एकरूप आहेत. एकदा ऐकणाऱ्यासही गीताचे नाव सांगता येते. याउलट बॉब डिलनचे ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’ (१९६५) हे गीत कडव्यामागून कडवे असे सरळ पुढे जाते. त्यात धृपदच नाही. क्वीन या वाद्यवृंदाच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’तही (१९७५) पुनःपुन्हा परत येणारे धृपद नाही. अशा गीतांत शीर्षक अनुक्त राहणे हे बंडखोरीपेक्षा रचनेचे फलित अधिक आहे.

दुसरे कारण असे की, या काळात गीत ऐकण्याबरोबरच पाहण्याची व वाचण्याचीही वस्तू झाले. नभोवाणीवर ऐकलेले गाणे दुकानात मागावयाचे तर त्याचे नाव गाण्यातच ऐकू येणे ग्राहकाच्या सोयीचे होते. एल. पी. तबकडीचे वेष्टन हाती घेऊन बसणाऱ्या श्रोत्याला ही सोय आवश्यक उरली नाही. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्‌स क्लब बँड’ (१९६७) या तबकडीच्या वेष्टनावर गीतांचे शब्द छापलेले होते. शब्द कानासाठी आणि नाव डोळ्यासाठी अशी विभागणी येथे शक्य झाली. अनुक्त शीर्षक हे गायकाच्या मुखातले नसून पृष्ठावरचे असते. म्हणूनच ते गीतातील ‘मी’चे वचन राहत नाही. त्या ‘मी’कडे बाहेरून पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तरी वचन ते होते.

३

हा दुसरा वक्ता काय करतो, यावरून अनुक्त शीर्षकांचे तीन प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार रूपवाचक शीर्षकांचा. ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘रॅप्सडी’ हा शब्द ग्रीकमधून आलेला असून गीते सांधणे, शिवणे ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. पाश्चात्त्य संगीतात तो मुक्त बांधणीच्या, खंडाखंडाने पुढे जाणाऱ्या रचनेस लावतात. सुमारे सहा मिनिटांच्या या गीतात संथ निवेदन, ऑपेराच्या धर्तीचा भाग आणि कर्कश रॉक असे भिन्न प्रकृतीचे खंड एकापुढे एक येतात. शीर्षक त्यांचा आशय सांगत नाही. ते केवळ रचनेचा परवाना दाखवते. रूपवाचक शीर्षकाचे अधिक मार्मिक उदाहरण लेड झेपलिनच्या ‘ड्येर मेकर’ (१९७३) या गीतात आढळते. इंग्रजी लेखनात हा बोलीतील एक प्रश्न आहे. ‘तू तिला तसे करायला लावलेस काय?’ असा त्याचा अर्थ. परंतु इंग्लंडमधील सामान्य उच्चारात तो ‘जमेका’ या देशनामासारखा ऐकू येतो, आणि गीताची लय जमेकातील रेगे संगीताची आहे. हा श्लेष लेखन आणि उच्चार यांच्यामधील फटीत उभा आहे. अमेरिकेतील अनेक श्रोत्यांनी अक्षरांवरून उच्चार केला आणि श्लेष हरवला. देवनागरीत लिहिताना तर कोणता तरी एक उच्चार निवडावाच लागतो, त्यामुळे तो मावळणे अटळ आहे.

दुसरा प्रकार भाष्यरूप शीर्षकांचा. नाटकाचे नाव त्यातील गर्भित अर्थ प्रकाशित करणारे असावे, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सांगितले आहे. या प्रकारातील शीर्षके नेमके हेच कार्य करतात. ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’मध्ये गीतातील ‘मी’ एका दुरावलेल्या माणसाला उद्देशून कठोर शब्द बोलतो, पण त्याचे नाव घेत नाही. शीर्षकही माणसाचे नाव देत नाही, रस्त्याचे देते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील ज्या वस्तीत डिलनने आरंभीची वर्षे काढली तेथे या नावाचा रस्ता आहे, आणि मिनिआपोलिसमध्ये विद्यापीठाजवळच्या ज्या भागात तो त्यापूर्वी गात असे तेथेही आहे. ‘निश्चितपणे’ या अर्थाचे क्रियाविशेषण वापरून शीर्षक अनिश्चितताच वाढवते. हे शीर्षक काढून घेतले तर दोन व्यक्तींमधील कलह तेवढा उरेल. ते ठेवले म्हणजे तो एका वस्तीशी, एका वर्तुळाशी केलेला हिशेब होतो.

बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७) या गीतात शीर्षकाचे काम याहूनही मोठे आहे. वृत्तपत्रातील बातम्या, सकाळची घाई आणि वाद्यवृंदाचे चढत जाणारे प्रचंड नाद हे या गीताचे घटक होत. लेनन आणि मॅकार्टनी यांनी वेगवेगळे रचलेले भाग येथे जोडलेले आहेत. हे सारे एका दिवसातले आहे, हे सांगणारे एकच स्थान म्हणजे शीर्षक. व्याकरणदृष्ट्याही ते लक्षणीय आहे. इंग्रजीतील रूढ पदबंधात ‘आयुष्यातील एक दिवस’ यानंतर ‘अमक्याच्या’ हे षष्ठ्यर्थक पद शेवटी येते. येथे तेच गाळले आहे. शेवटचे पद गाळल्यामुळे वाक्यांश कानाला जवळजवळ पूर्ण वाटतो, आणि तरीही ‘कोणाच्या?’ हा प्रश्न मागे राहतो. मराठीत षष्ठी आधी येत असल्याने ही रिकामी जागा आरंभी पडते आणि तितकीशी जाणवत नाही. कर्ता हरवलेला हा दिवस कोणाचाही असू शकतो, हा गीताचा गर्भितार्थ शीर्षकातील या लोपाने व्यंजित केला आहे.

‘द इनर लाइट’ (१९६८) या जॉर्ज हॅरिसनच्या गीतास ‘ताओ ते चिंग’ या चिनी ग्रंथाचा आधार आहे. त्याचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एच. एम. व्ही. ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांकडून वाजवून घेण्यात आले. घराबाहेर न पडता जाणण्याविषयीचे हे गीत ते जाणणे कशाच्या योगे घडते हे सांगत नाही. शीर्षकातील ‘अंतःप्रकाश’ तेवढे सांगतो. मात्र येथे शीर्षकाने थोडी घाई केली आहे, असेही म्हणता येईल. मूळ वचनांचे सामर्थ्य त्यांच्या विरोधाभासात आहे. शीर्षक त्या विरोधाभासाचा उलगडा आधीच हाती देते.

तिसरा प्रकार जन्मखुणेसारख्या शीर्षकांचा. लेड झेपलिनच्या १९७१ च्या तबकडीतील ‘ब्लॅक डॉग’ हे नाव ध्वनिमुद्रण चालले होते त्या हेडली ग्रेंज या घराच्या आवारात वावरणाऱ्या एका काळ्या कुत्र्यावरून पडले. त्याच तबकडीतील ‘फोर स्टिक्स’ हे नाव जॉन बॉनमने प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्यांनी ड्रम वाजवले यावरून आले. क्रीम या वाद्यवृंदाच्या ‘बॅज’ (१९६९) या गीताची कथा पाठचिकित्सकाला परिचित वाटेल अशी आहे. हॅरिसनने सांगितल्याप्रमाणे, गीताच्या मधल्या भागासाठी त्याने कागदावर ‘ब्रिज’ असे लिहिले होते. समोर बसलेल्या एरिक क्लॅप्टनने ते उलट्या बाजूने वाचले आणि त्यास ते ‘बॅज’ असे दिसले. वाचनातील प्रमाद येथे नाव होऊन बसला. ही नावे निर्मितीच्या इतिहासास उपयुक्त आहेत, अर्थनिर्णयास नाहीत. ‘काळा कुत्रा’ म्हणजे विषाद किंवा अशुभ असा अर्थ लावून गीत उलगडू पाहणे हे हस्तलिखितावरील शाईच्या डागाचा अन्वय लावण्यासारखे होय.

४

या तिन्ही प्रकारांच्या सीमेवर उभे असलेले एक गीत स्वतंत्र विचारास पात्र आहे. ते म्हणजे द हू या वाद्यवृंदाचे ‘बाबा ओरायली’ (१९७१). पीट टाउनशेंडने हे नाव दोन व्यक्तींच्या नावांतून घडवले. एक मेहेरबाबा, दुसरा अमेरिकन संगीतकार टेरी रायली, ज्याच्या आवर्तनप्रधान रचनापद्धतीची छाया गीताच्या आरंभीच्या स्वरांवर आहे. पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या आणि तेव्हाच्या अहमदनगरजवळील मेहेराबाद येथे समाधिस्थ असलेल्या मेहेरबाबांचा टाउनशेंड अनुयायी होता. मराठी कानाला ‘बाबा’ हे आदराचे संबोधन ऐकू येते. पुढचा ‘ओ’ त्यास आयरिश आडनावाचे रूप देतो. आणि जाणता नसलेला श्रोता त्यात एखाद्या काल्पनिक आयरिश गृहस्थाची कल्पना करतो. हे शीर्षक रूपवाचक आहे, कारण रायलीकडून आलेली पद्धत ते नोंदवते. ते जन्मखूणही आहे. पण मुख्यतः ते ऋणनिर्देश आहे, आणि ऋणनिर्देश ग्रंथाच्या पहिल्या पानावर असतो, प्रकरणांत नसतो. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत मौन पाळले. त्यांचे नाव गीतात न उच्चारता केवळ लिहिले जावे हा योगायोग असला तरी औचित्याला धरून आहे.

५

श्रोते या शीर्षकांचे काय करतात, हे पाहिल्यावाचून हा विचार पूर्ण होत नाही. ‘बाबा ओरायली’ला असंख्य श्रोते त्यातील पुनरावृत्त शब्दांनीच ओळखतात. द बँडच्या ‘द वेट’ (१९६८) या गीताच्या धृपदात ‘भार’ या अर्थाचा दुसरा शब्द आहे. श्रोत्यांच्या तोंडी तोच बसला. बफेलो स्प्रिंगफील्डच्या ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ या गीताची पार्श्वभूमी नोव्हेंबर १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर झालेल्या तरुणांच्या व पोलिसांच्या चकमकींची होती. ‘जे काही असेल ते’ अशा संकोचाच्या अर्थाचे हे शीर्षक श्रोत्याच्या ध्यानी राहणार नाही म्हणून धृपदातील शब्द कंसात जोडण्यात आले. या उदाहरणांत एक समान धागा आहे. ज्या गीताला धृपद आहे आणि तरीही त्याला नावाचा मान नाकारला आहे, तेथे श्रोते तो परत मिळवून देतात. ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’, ‘अ डे इन द लाइफ’, ‘बोहेमियन रॅप्सडी’ यांना असे टोपणनाव मिळाले नाही, कारण तेथे श्रोत्याच्या हाती पर्यायच नव्हता. डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’ला (१९६९) अनेक जण त्यातील अंतराळवीराच्या नावाने ओळखतात, हा अपवाद वरवरचा आहे, पुनःपुन्हा येणारे संबोधन तेथे धृपदाचेच कार्य करते.

तेव्हा श्रोत्याने केलेले नामांतर हा अडाणीपणा नव्हे. मौखिक परंपरेचा नियम लिखित परंपरेने दिलेल्या नावावर आपला हक्क सांगत असतो. अभंगाला पहिल्या चरणाने ओळखणाऱ्या समाजाला तो नियम अपरिचित नाही. परंतु हा हक्क मान्य करूनही एक गोष्ट उरते. ‘द वेट’ला त्याच्या धृपदाने ओळखल्याने फारसे काही गमावत नाही, कारण शीर्षक धृपदाचाच पर्याय आहे. ‘बाबा ओरायली’ला पुनरावृत्त शब्दांनी ओळखल्यास गीताचा विषाद तेवढा हाती राहतो, त्यामागील कृतज्ञता जाते. आणि ‘अ डे इन द लाइफ’चे नाव पुसून टाकल्यास गीतच विस्कळीत होते. शीर्षक गीताचा अवयव आहे की खूण आहे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एक नाही. ज्या शीर्षकाच्या अभावी गीताला उणेपण येते ते अनुच्चारित असूनही गीताचा अवयव होय. ज्याच्या अभावी काहीच उणे होत नाही ते धृपदात दहा वेळा उच्चारले तरी केवळ खूणच.