पाठशाळा, नाट्यगृह आणि पक्ष

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावरील लेखन आता विपुल झाले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ सालच्या इंग्रजी आठवणी आणि अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ ही त्यांतील ठळक नावे होत. या वाङ्मयाचे मोल आम्ही जाणतो. तथापि या परंपरेचा ओढा स्वभावतःच सत्याग्रह, तुरुंग आणि सरहद्दीवरील कॅम्प यांकडे आहे. सत्याग्रही होण्यापूर्वी मनुष्य ‘रयत’ होता, तो ‘नागरिक’ कोठे झाला, हा प्रश्न त्यात बहुधा प्रस्तावनेपुरताच उरतो.

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे पक्ष प्रथम सत्ताधाऱ्यांत जन्मले. हॅमिल्टन व जेफर्सन यांच्या अनुयायांचे तट काँग्रेसच्या सभागृहात पडले. १७९६ साली निरोपाच्या संदेशात वॉशिंग्टनने पक्षबुद्धीविरुद्ध इशारा दिला खरा, पण तो उशिराच म्हटला पाहिजे. गोऱ्या पुरुषांपुरत्या मताधिकाराच्या मालमत्ताविषयक अटी सैल होत गेल्यावर पक्ष गावोगाव पोहोचला, आणि पुढे बापाचा पक्ष मुलाकडे वारसाहक्काने जाऊ लागला. निजामी राज्यात खरे विधिमंडळ नाही, मतदार नाही, जाहीर सभेसही परवानगी हवी. मग बाप मुलाला कोणता पक्ष देणार? क्रम उलटला. आधी शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह, मग परिषद, सर्वांत शेवटी पक्ष.

हा क्रम पाहावयाचा तर कोठीला यावे. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीमुळे या भागास हे नाव पडले. सभोवतालचे बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सीच्या अंमलाखाली होते आणि निजामी कायद्याची पकड तेथे तितकी घट्ट नव्हती. सुलतान बाजारात १८९२ साली आर्य समाज आला, १९०१ साली तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् उघडले, आणि जवळच १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींनी विवेक वर्धिनी पाठशाळा काढली. ठराव मांडणे, त्यास अनुमोदन देणे, अध्यक्षाची आज्ञा पाळणे, हे राजकारणाचे प्राथमिक व्याकरण येथे ‘समाजसुधारणा’ या निरुपद्रवी नावाखाली गिरविले गेले.

आणि येथेच तो प्रसंग घडला, ज्याविषयी मराठी लेखणी संकोचते. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे सभेने ऐकून घेतली. परंतु अल्लमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी त्यांची टर उडविली. सुधारणेसाठी जमलेल्या सुशिक्षितांनी हे करावे! दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगोलग आंध्र जन संघाची स्थापना केली. त्यातून १९३० साली जोगीपेठेत आंध्र महासभा उभी राहिली. १९४४ च्या भोनगीर अधिवेशनात ती फुटली आणि तिचा मोठा भाग साम्यवाद्यांच्या हाती गेला. तेलंगणाच्या शेतकरी लढ्याचे कारण वेठबिगारी व देशमुखी हेच होय, एक टिंगल नव्हे. परंतु त्या लढ्याला संघटनेचे जे घर मिळाले त्याचा पाया मराठी शाळेच्या नाट्यगृहात घातला गेला, हे नाकारता येणार नाही.

मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद परतूरला भरली ती १९३७ साली, म्हणजे सोळा वर्षांनंतर. दुसऱ्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली. ती १९४६ पर्यंत उठली नाही. पक्षच बेकायदा ठरल्यावर कार्यकर्त्यांना आसरा या भाषिक परिषदांचाच. पुढे १९५६ साली राज्य भाषावार विभागले गेले तेव्हा अनेकांना तो अकस्मात आलेला बदल वाटला. वस्तुतः राजकीय शिक्षणाचे वर्गच आरंभापासून भाषावार भरत होते.

स्वामीजी स्वतः मुख्याध्यापक होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि मोमिनाबादची शाळा यांवर ग्रंथ लिहिला जावा, तोही सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून नव्हे, तर शाळा म्हणून. तेथे वर्गात काय वाचीत, मुले कोणत्या घरांतून येत, वादसभेत कोणाला बोलू देत आणि कोणाला नाही, हे त्यात यावे.