आडोशाबाहेर आलेला शिकारी

मुलांसाठी लिहिलेल्या कथेला समीक्षेचे मोठे माप लावू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कथा गोड असली, शेवटी बोध निघाला, की पालक समाधानी आणि शिक्षकही समाधानी. जपानी लेखक मुकु हातोजू (१९०५-१९८७) यांची ‘दाइझो आजोबा आणि रानहंस’ ही कथा मात्र मोठ्या मापाने मोजावी अशी आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘शोनेन कुराबु’ ह्या मुलांच्या मासिकात ती प्रसिद्ध झाली. पुढे अनेक दशके ती जपानमधील पाचवीच्या पाठ्यपुस्तकांत नेमली गेली. पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेल्यामुळेच तिचा एक ठरीव अर्थ तयार झाला आहे. तो अर्थ अपुरा आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभी शब्दाचा खुलासा करावयास हवा. येथील हंस म्हणजे आपल्या काव्यातील नीरक्षीरविवेकी शुभ्र पक्षी नव्हे. हिवाळा लागला की उत्तरेकडून थव्याने येणारा, भातखाचरांत आणि पाणथळ जागी चरणारा, करड्या-तपकिरी रंगाचा हा पक्षी आहे. त्याची सावधगिरी शिकाऱ्यांत प्रसिद्ध आहे. थवा चरत असताना काही माना सदैव उंच असतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याची नजर फार मोठा परिसर एकाच वेळी वेढते. काल नव्हती अशी वस्तू आज शेतात दिसली, तर तो तिला टाळतो. बंदुकीच्या टप्प्यात त्याला आणायचे, तर शिकाऱ्याने जणू नाहीसे झाले पाहिजे.

कथेतील संघर्ष नेमका हाच आहे. दक्षिण जपानमधील कागोशिमा प्रांतात, कुरिनो डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दलदलीत दरसाल रानहंस उतरतात. त्यांच्या म्होरक्याच्या दोन्ही पंखांत पांढरी पिसे आहेत, म्हणून शिकाऱ्यांनी त्याला ‘झानसेत्सु’, म्हणजे वितळायचे राहिलेले बर्फ, असे नाव दिले आहे. हा म्होरक्या आल्यापासून दाइझोच्या हाती एकही हंस लागत नाही. पहिल्या वर्षी तो जमिनीत खुंट्या ठोकून त्यांना मासे धरण्याचे गळ बांधतो आणि गळांना गोगलगायी लावतो. एक हंस जिवंत सापडतो. दुसऱ्या दिवशी मात्र सारा थवा आमिष आधी ओढून पाहू लागतो. दुसऱ्या वर्षी तो उन्हाळाभर पाच पोती गोगलगायी गोळा करतो, काही दिवस त्या पसरून थव्याला त्या जागेची सवय लावतो आणि मग एका रात्री तेथे लहानशी झोपडी उभारून आत दबा धरून बसतो. पहाटे झानसेत्सुला ती नवी झोपडी दिसते आणि थवा दूर वळतो. तिसऱ्या वर्षी तो पहिल्या वर्षी सापडलेला, आता माणसाळून शिटीला ओळखणारा हंस भुलवणीसाठी सोडतो आणि गतवर्षीच्याच झोपडीत लपतो.

इतक्यात ससाणा झेप घेतो. इतर हंस निसटतात. माणसाळलेला हंस मागे पडतो. त्याला वाचवायला झानसेत्सु परत फिरतो. तो अगदी टप्प्यात आहे. दाइझो बंदूक रोखतो आणि खाली घेतो. झुंजता झुंजता दोन्ही पक्षी दलदलीत कोसळतात. दाइझो धावतो. माणूस पाहताच ससाणा पळतो. रक्ताने माखलेला झानसेत्सु मान उचलून त्याच्याकडे रोखून पाहतो. हिवाळाभर शुश्रूषा करून वसंतात दाइझो त्याला सोडून देतो आणि पुढच्या हिवाळ्यात साथीदारांसह पुन्हा ये, आपण उजळ माथ्याने लढू, असे त्याला ओरडून सांगतो.

ठरीव अर्थ असा: मुक्या जनावराचा त्याग पाहून शिकाऱ्याच्या हृदयात दया जागी झाली. प्रवचनात दृष्टान्त म्हणून हे पाच मिनिटांत सांगता येईल आणि श्रोतेही प्रसन्न होतील. पण कथेचा भर दयेवर असता, तर लेखकाने गळ, गोगलगायी, खुंट्या आणि झोपडी यांवर इतकी पाने खर्ची घातली नसती. ही कथा लपण्याची आहे. लपणाऱ्याला पाहावे लागते, आणि पाहता पाहता तो शिकतो. हंस कधी येतात, काय खातात, कशाला बिचकतात, हे दाइझोइतके कुणालाच ठाऊक नाही. सारे ज्ञान त्याने मारण्यासाठी मिळविले. परंतु तेच त्याला आदरापर्यंत घेऊन जाते. पहिल्याच वर्षी, डाव फसल्यावर, त्याच्या तोंडून संतापाऐवजी कौतुकाचा हुंकार निघतो. ज्याने तीन वर्षे पक्ष्याकडे पाहिले नाही, त्याला झानसेत्सुचे परत फिरणे दिसलेही नसते. त्याला ती चालून आलेली सोपी शिकार वाटली असती.

म्हणून माझ्या मते कथेचा कळस बंदूक खाली घेण्यात नाही. तो आडोसा सोडून धावण्यात आहे. तीन वर्षे माणसाने पक्ष्याला पाहिले, पक्ष्याला मात्र गळ आणि झोपडीच दिसली. दलदलीच्या काठी प्रथमच दोघे समोरासमोर येतात आणि झानसेत्सु त्याला शत्रू म्हणूनच पाहतो. ती नजर कृतज्ञतेची नाही. लेखकाने येथे भावविवशतेला पाय ठेवू दिला नाही, हे त्याचे मोठेपण.

पण दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला दोष ससाण्याच्या चित्रणात आहे. तो पोटासाठी झेपावतो, तरी कथेत तो खलपुरुष ठरतो. दुसरा अधिक गंभीर आहे. माणसाळलेला हंस हा ह्या कथेतील सर्वांत दुर्दैवी जीव. दाइझोने त्याचे रानपण काढून घेतले, म्हणून तो संकटात मंद ठरला. शिटी ऐकून तो वळला आणि तेथेच ससाण्याने त्याची वाट अडवली. जिवंत पक्ष्याकरवी त्याच्याच जातीला फसविणे हा प्रकार शिकारीच्या जगातही आक्षेपार्ह ठरला आहे. अमेरिकेने १९३५ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्याला बंदी घातली. म्होरक्याचा गौरव करताना लेखक ह्या दुबळ्याला विसरतो. त्याचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. वीराकडे सर्वांचे लक्ष जावे आणि ज्याच्यासाठी वीर झुंजला तोच दृष्टीआड व्हावा, हे कथेत खटकते आणि घरात वा समाजातही खटकावे.

तिसरा प्रश्न उजळ माथ्याच्या लढाईचा. आडून मारलेला बाण न्याय्य कसा, हा वालीवधाचा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला. पण वालीच्या हाती निदान प्रतिकाराचे बळ होते. बंदूक आणि पंख यांच्यात बरोबरीची लढाई कोणती? दाइझोचे वचन उदात्त वाटते. पण लपल्याशिवाय त्या पक्ष्याची शिकार होतच नाही, हे तोच सर्वांत चांगले जाणतो. मग वचन पाळायचे, तर शिकारच सोडावी लागेल. कथा ही विसंगती उघडी ठेवते आणि संपते.

तिचे उत्तर काही आवृत्त्यांना जोडलेल्या प्रास्ताविकात दडलेले आहे. त्यात निवेदक रानडुकराच्या शिकारीसाठी दाइझोच्या घरी जातो. दाइझो ७२ वर्षांचा आहे, ताठ आहे आणि चुलाण्यापाशी बसून गोष्टी सांगतो आहे. हंसांची हकीकत पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची. म्हणजे शीर्षकातील ‘आजोबा’ त्या वेळी सदतिशीच्या आसपासचा गडी होता! आणि बाहत्तराव्या वर्षीही त्याच्या घरी शिकारी जमतात. तेव्हा हृदयपरिवर्तन होऊन त्याने शस्त्र टाकले, हा अर्थ टिकत नाही. तो शिकारीच राहिला. फक्त एका पक्ष्यापुढे त्याला आपली मर्यादा कळली. मला हे पूर्ण परिवर्तनापेक्षा अधिक खरे वाटते. माणसे बहुधा अशीच, एका बाजूने आणि थोडीथोडी, बदलतात.

त्याच प्रास्ताविकात आणखी एक बारीक वाक्य आहे. त्या काळी दलदलीत हंस अजून पुष्कळ येत, असे निवेदक ओझरते सांगतो. याचा अर्थ, पुढच्या हिवाळ्यांची ती आमंत्रणे हळूहळू रिकामी गेली. जपानभर हेच घडले. पाणथळी बुजल्या, शिकार चालू राहिली आणि रानहंसांची संख्या काही हजारांवर आली. १९७१ मध्ये तेथे येणाऱ्या रानहंसांच्या दोन प्रमुख जातींना राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण मिळाले आणि त्यांची शिकार थांबली. आज मियागी प्रांतातील इझुनुमा आणि काबुकुरी येथील तळ्यांवर पहाटे हजारोंचे थवे उठतात, आणि आडोसा घेऊन बसणाऱ्यांच्या हाती दुर्बिणी असतात. एका माणसाची थोर भावना थव्याला वाचवू शकली नाही. त्यासाठी सर्वांना बांधणारा कायदा लागला. मुलांना भावना शिकवताना हेही शिकवावे.

मुकु हातोजू हे कागोशिमा प्रांताच्या ग्रंथालयाचे संचालक होते. १९६० मध्ये त्यांनी एक साधी चळवळ सुरू केली: मुलाने रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचावे आणि आईने शेजारी बसून ऐकावे. ही कथा अशीच वाचली जावी. मात्र वाचन संपल्यावर ‘यातून काय बोध घेतलास?’ असे मुलाला विचारू नये. त्या माणसाळलेल्या हंसाचे पुढे काय झाले असेल, एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये.